झाड तोडताना काय तोडायचे नसते?

भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ नाकाडोंगरी हे गाव आहे. जवळच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींमुळे हा भाग तुम्हाला भूगोलातून ठाऊक असेल. पण नाकाडोंगरीला वनखात्याचे परिक्षेत्र कार्यालयही आहे. भोवतालच्या पानझडी जंगलात साग, ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू अशी झाडे आहेत. अशा मुलखात झाड पाडणे, फांद्या उतरवणे, ओंडके गाडीवर चढवणे ही कामे माणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. शाळेत न शिकलेले पदार्थविज्ञान या कामात पावलोपावली लागते. ते चुकले, तर त्याची किंमत गुणांत नव्हे, जिवाने मोजावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम एक प्रश्न. बुंध्याशी ६० सेंटिमीटर जाड आणि १६ मीटर उंच असे एक वाळत चाललेले झाड पाडायचे आहे. त्याचा बुंधा किती कापावा? ‘एका बाजूने सुरुवात करून दुसऱ्या बाजूपर्यंत सगळा कापावा,’ असे तुम्ही म्हणाल. जाणता लाकूडतोड्या मात्र असे कधीच करणार नाही. त्याचे निम्मे कौशल्य काय कापायचे यात असते, आणि उरलेले निम्मे काय कापायचे नाही यात असते. या दुसऱ्या निम्म्याचीच ओळख आज आपण करून घेऊ.

खाच आणि बिजागरी

झाड ज्या दिशेला पाडायचे, त्या बाजूला आधी पाचरीच्या आकाराची एक खाच घेतात. तिची खोली बुंध्याच्या जाडीच्या साधारण पाव हिस्सा, म्हणजे आपल्या झाडात १५ सेंटिमीटर. मग मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, आडवा काप घेत यायचे. हा काप खाचेपर्यंत न्यायचा नाही. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटरची, लाकडाची आडवी पट्टी तशीच राहू द्यायची.

ही न कापलेली पट्टी दाराच्या बिजागरीचे काम करते. बिजागरी दाराला एकाच वाटेने फिरू देते, भलतीकडे जाऊ देत नाही. त्याचप्रमाणे झाड या पट्टीभोवती पुढे वळते आणि ठरवलेल्या दिशेलाच पडते. पट्टी पूर्ण कापली गेली, तर झाडाला कोणाचेच बंधन उरत नाही. मग वारा नेईल तिकडे, किंवा ज्या बाजूला फांद्यांचे वजन जास्त तिकडे ते कोसळते.

मग खाच कशासाठी? झाड पुढे झुकते तशी खाच मिटत जाते. तिचे दोन्ही ओठ एकमेकांना भिडेपर्यंत बिजागरी वाकत राहते. ओठ भिडले की ती तुटते. खाच अरुंद असेल, तर ती लवकर मिटते आणि झाड निम्मे झुकले असतानाच मोकळे होते. खाच मुळीच घेतली नाही, तर कललेले झाड वाकताना खोड उभे चिरते आणि मागचा अर्धा भाग तोडणाऱ्याच्या अंगावर उसळतो. असे अपघात प्राणघातक ठरतात.

एक साधा प्रयोग करून पाहा. एक हिरवी काडी घ्या आणि तेवढ्याच जाडीची एक वाळकी काडी घ्या. दोन्ही हळूहळू वाकवा. हिरवी वाकते, वाळकी काडकन मोडते. हिरव्या लाकडाचे तंतू ओले आणि लवचीक असतात. म्हणून त्याची बिजागरी चांगली होते. वठलेल्या झाडाची बिजागरी एकदम मोडू शकते. म्हणूनच ‘वाळलेले झाड, त्यात काय अवघड?’ असे जुनी माणसे कधी म्हणत नाहीत.

एक सेंटिमीटरची करामत

मागचा काप थोडा आत गेला की त्यात पाचर ठोकतात. पाचरीमुळे काप मिटून करवत अडकत नाही, शिवाय झाड पुढे रेटले जाते. ते किती रेटले जाते, याचा हिशेब पाहा. बिजागरीपासून बुंध्याची मागची कड सुमारे ४० सेंटिमीटर दूर आहे. झाडाची उंची १६ मीटर, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या ४० पट. म्हणून पाचरीने मागची कड १ सेंटिमीटर उचलली, तर शेंडा ४० सेंटिमीटर पुढे सरकतो! पाचर हा उतरणीचाच एक प्रकार आणि झाड म्हणजे तरफ. दोन साधी यंत्रे अशी एकत्र आली म्हणजे घणाचे काही घाव काही टन वजनाला हलवू शकतात.

झाड एकदा झुकले की शेंडा किती वेगाने खाली येतो? १६ मीटर उंचीवरून दगड सोडला, तर तो ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने जमिनीवर येतो. पण बुंध्याभोवती फिरत पडणाऱ्या सरळ, सारख्या जाडीच्या खोडाचे टोक जमिनीला टेकताना त्याचा वेग, हवेचा विरोध सोडला, तर ताशी सुमारे ७८ किलोमीटर येतो. टोक दगडापेक्षाही वेगवान! खोडाचा बुंध्याकडचा भाग सावकाश फिरतो. त्याने गमावलेल्या स्थितिज ऊर्जेतला काही वाटा टोकाला मिळतो, म्हणून असे होते.

यावरून एक नियम निघाला आहे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत कामगारांखेरीज कोणी उभे राहायचे नाही. तोडणाऱ्यानेही आपली पळवाट काम सुरू करण्याआधी झाडून मोकळी करायची. ही वाट पडण्याच्या दिशेच्या मागे तिरपी असावी, नेमकी मागे नव्हे. कारण पडताना बुंधा मागे उसळू शकतो.

उंची मोजायची कशी? तुमच्या कंपासपेटीत ४५ अंशांचा गुण्या आहेच. त्याची एक कड जमिनीला समांतर धरा आणि तिरप्या कडेवरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरका. शेंडा दिसला की झाडापर्यंतच्या अंतरात तुमच्या डोळ्यांची उंची मिळवा. झाली झाडाची उंची!

दोराचे वेढे

गावात किंवा शहरात झाड सबंध पाडता येत नाही. खाली घराची कौले असतात, विजेच्या तारा असतात, रस्ता असतो. तेथे माणूस झाडावर चढतो आणि एकेक फांदी दोराला बांधून उतरवतो. २० सेंटिमीटर जाड आणि ४ मीटर लांब फांदीचे वजन किती असेल? ओल्या लाकडाची घनता पाण्याच्या आसपास धरली, तर उत्तर येते सुमारे १२५ किलो. खाली दोर धरणाऱ्या माणसाचे स्वतःचे वजन ६० किलो. मग फांदी खाली येण्याऐवजी माणूसच वर का जात नाही?

कारण त्याने दोराला बुंध्याभोवती वेढे दिलेले असतात. दोर आणि साल यांच्यातील घर्षणामुळे प्रत्येक वेढ्यागणिक ताण कमी होत जातो. गंमत अशी, की हे घटणे वजाबाकीने होत नाही, भागाकाराने होते. दोर आणि झाड जसे असेल तसा आकडा बदलतो. आपण एका वेढ्याला पाचवा हिस्सा उरतो असे धरू. एका वेढ्यानंतर १२५ किलोंचे २५ किलो होतात, दोन वेढ्यांनंतर ५ किलो आणि तीन वेढ्यांनंतर अवघा १ किलो. शाळकरी मुलालाही तो दोर धरता येईल. एक पेन्सिल, दोरा आणि डबी घेऊन हे घरी करून पाहा. पेन्सिल आडवी घट्ट धरा, दोऱ्याला डबी टांगा आणि वेढे वाढवत जा.

पण दोर घट्ट धरून ठेवणे नेहमीच शहाणपणाचे नसते. फांदी तुटून १ मीटर खाली आली आणि दोराने ताणून तिला १० सेंटिमीटरांत थांबवले, असे समजा. पडण्यात मिळालेली सगळी ऊर्जा त्या १० सेंटिमीटरांत शोषली जायला हवी. एकूण पडणे १.१ मीटर, थांबणे ०.१ मीटर, म्हणून दोरावरचा सरासरी ताण वजनाच्या ११ पट, म्हणजे १,३७५ किलो येतो. एखाद्या क्षणी तो याहूनही जास्त असतो. आता खालच्या माणसाने वेढ्यांतून दोर सरकू दिला आणि फांदी १ मीटर अंतरात हळूहळू थांबवली, तर सरासरी ताण वजनाच्या फक्त दुप्पट, म्हणजे २५० किलो होतो. क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता, तेच हे तत्त्व.

कप्पी वापरतानाही भान ठेवावे लागते. कप्पीच्या एका बाजूला १२५ किलोंचा ताण आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढाच. म्हणून ज्या फांदीला कप्पी बांधली तिच्यावर २५० किलो भार पडतो. खालच्या माणसाचे श्रम वेढ्यांमुळे कमी झाले, तरी वरच्या फांदीचा भार कमी होत नाही.

ओंडके गाडीवर चढवतानाही दोरच कामी येतो. दोराचे एक टोक गाडीला बांधतात, दोर ओंडक्याखालून फिरवून दुसरे टोक वरून ओढतात. ओंडका स्वतःच फिरत्या कप्पीसारखा होतो आणि जोर निम्मा लागतो. ४ मीटर लांबीच्या फळ्या १ मीटर उंचीच्या गाडीला लावल्या, तर उतरणीमुळे जोर आणखी चौपट कमी होतो. घर्षण सोडले, तर ४०० किलोंचा ओंडका ५० किलोंच्या ओढीने चढतो. मात्र दोर सुटला तर ओंडका त्याच वाटेने परत येतो. म्हणून त्या वेळी फळ्यांच्या खालच्या बाजूला कोणीही थांबायचे नाही.

साखळीची करवत

कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायचा आरा यांच्या जोडीला आता साखळीची यांत्रिक करवत आली आहे. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. पहिल्या करवतीचे वजन ६४ किलो होते. ती चालवायला दोन माणसे लागत. साखळीचे दात सुधारले ते अमेरिकेतील जोसेफ कॉक्स यांनी. १९४६ मध्ये त्यांनी लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. तिचे जबडे डावीकडे आणि उजवीकडे आलटून पालटून लाकूड कातरत होते. त्यावरून त्यांना साखळीवर डावे-उजवे वळलेले दात बसवण्याची कल्पना सुचली.

ही साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर धावते दात तेथे अडकतात. दात लाकडाला ढकलतात, लाकूडही पात्याला तेवढ्याच जोराने उलट ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम! पाते उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. धोका दिसल्यावर हात हलायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात साखळी ४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून डाव्या हातापुढे एक आडवी पट्टी बसवलेली असते. उसळीबरोबर ती हाताला लागते आणि ब्रेक साखळीला थांबवतो. ही पट्टी ‘मध्ये मध्ये येते’ म्हणून काही जण काढून टाकतात. असे करणे म्हणजे उतारावर गाडीचा ब्रेक काढून ठेवणेच होय.

फांदीचे कडे

झाड पाडायचे नाही, फक्त फांदी छाटायची आहे, तेव्हाही काय कापायचे नाही हा प्रश्न असतोच. जड फांदी वरूनच कापत गेलो, तर ती स्वतःच्या वजनाने तुटते आणि खोडाची साल ओरबाडत खाली येते. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप घेतात, मग किंचित पुढे वरून कापून फांदी पाडतात. उरलेला खुंट शेवटी काढतात.

हा शेवटचा काप कोठे घ्यावा? फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे दिसते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे याच साखळी-करवतीने उभी चिरून पाहिली. आपल्या त्वचेची जखम भरते तशी झाडाची जखम भरत नाही, हे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. झाड कुजलेल्या भागाभोवती जणू भिंती उभारते आणि वरून नवे लाकूड वाढवून जखम झाकते. फांदीच्या जागी ही भिंत त्या कड्याशी उभी राहते. कडे कापले, तर भिंतच गेली. मग कूज खोडात शिरते. कडे राखून छाटलेली फांदी झाडाला सोसते. खोडाशी सपाट, ‘सुबक’ छाटणी केलेले झाड आतून पोखरले जाऊन काही वर्षांनी वादळात कोसळू शकते.

झाडाला हात लावण्यापूर्वी आणखीही एक गोष्ट लागते, ती म्हणजे परवानगी. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याने साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ अशी ठरावीक झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. आणि विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीला कोणीही हात लावू नये. ओल्या लाकडातून वीज वाहते. ते काम वीज कंपनीच्या माणसांनी प्रवाह बंद करूनच करायचे असते.

यापुढे रस्त्याकडेला किंवा रानात एखादा ताजा बुंधा दिसला, तर त्यावर लिहिलेली हकिगत वाचून पाहा. एका बाजूला खाचेचा काप दिसेल, दुसऱ्या बाजूला थोडा वर मागचा काप दिसेल. दोहोंच्या मध्ये तुटलेल्या तंतूंची खरखरीत पट्टी असेल. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची असेल, तर झाड नेमले होते तेथेच पडले असावे. ती एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक असेल, तर पडताना झाड जाड बाजूकडे वळले असावे. आणि पट्टी मुळीच नसेल, तर ते तोडणारा माणूस त्या दिवशी केवळ नशिबाने घरी पोहोचला, असे समजा.