आधारची झेरॉक्स आणि आठ झाकलेले आकडे

वेळापूर असो की पुणे, सिमकार्डापासून लॉजच्या खोलीपर्यंत पहिली मागणी आधारच्या झेरॉक्सची. ती पुढे कुठल्या फायलीत पडून राहते, हे देणाऱ्याला कळत नाही. चिंता तिथेच आहे.

देशातला पहिला आधार क्रमांक महाराष्ट्रातच, नंदुरबारच्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिला गेला. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2018 च्या निकालात बँक खाते व मोबाइलसाठीची आधारसक्ती रद्द केली. तरी काउंटरवरची सवय काही सुटली नाही.

आधारला जोडलेल्या बोटांच्या ठशांचा धोका वेगळा. पासवर्ड बदलता येतो, ठसा बदलता येत नाही. ठशांची नक्कल करून खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत, आणि वर्षानुवर्षे ऊसतोड करून ज्यांचे ठसे झिजले, त्यांना यंत्र ओळखतच नाही. हा अन्याय अधिक बोचतो.

उपाय मात्र फुकट आहेत. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार काढता येते; त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. त्याच ठिकाणी बायोमेट्रिक्सही लॉक करता येतात.