खुबा मोडला तर वेळ दवडू नका

पहाटे अंधारात आजी न्हाणीकडे जायला उठते. ओल्या फरशीवरून पाय सरकतो अन् ती कुशीवर पडते. उठता येत नाही. जांघेत कळ, पाय आखूड झालेला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. घरात खलबतं सुरू होतात. कोणी म्हणतं, "लचक भरली असंल, तेल चोळा." कोणी हाडवैद्याचं गाव सांगतं. शेवटी एखादा जाणता म्हणतो, "ऐंशी वर्षं झाली, आता कशाला चिरफाड? पडून राहू द्या, जुळंल हाड."

वाचकहो, इथंच घात होतो. म्हातारं माणूस सहसा मोडलेल्या हाडानं जात नाही, ते अंथरुणाला खिळल्यानं जातं. कूस बदलता येत नाही म्हणून पाठीला जखमा होतात. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते. अन्नपाणी तुटतं. म्हणून खुब्याचं ऑपरेशन हे पायाइतकंच जिवासाठी असतं.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा आणि त्याखाली मान असते. गोळ्याला मुख्यतः मानेलगतच्या शिरांतून रक्त पोचतं. मान मोडून हाड सरकलं की हा पुरवठा तुटतो. अशा वेळी वृद्धांमध्ये डॉक्टर बहुधा तो गोळा काढून कृत्रिम गोळा बसवतात. मानेच्या खाली मोडलं असेल तर हाड जुळतं. पण ते जागेवर धरायला आतून सळई किंवा पट्टी-स्क्रू लागतात. बाहेरून बांधलेल्या बांबूच्या कामट्यांनी ते धरून राहत नाही.

ऑपरेशन शक्यतो २४ ते ४८ तासांत व्हावं. बऱ्याचदा कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचं अंग बधिर करतात. वय जास्त, बीपी-शुगर आहे, एवढ्यानं ऑपरेशन टळत नाही. धोका असतोच, तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. पण नुसतं पडून राहण्यातही धोका आहे, हे विसरू नका. सगळं ठीक असेल तर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात.

माणूस पडल्यावर पाय ओढू नका, चोळू नका, उभं करू नका. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून ते हलकेच एकत्र बांधा, फळीवर किंवा बाजेवर आडवं न्या. १०८ ला फोन करा. चालू गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, सोबत घ्या. शेवटचं कधी खाल्लं, तेही सांगा.

पैशाची काळजी खरी आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला गाठा. ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेत घेतलं आहे. कोणतं ऑपरेशन कुठे बसतं, हे आधीच विचारून घ्या.

घरी आल्यावर उकिडवं बसणं टाळा. शौचाला उंच खुर्ची करा. हाडं ठिसूळ झाली असतील तर त्याचं औषध डॉक्टरांना विचारा, कारण दुसरा खुबाही मोडू शकतो.

आणि आज रात्रीच एक काम करा. खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर एक दिवा लावा, धरायला दांडी ठोका. त्याला फार खर्च येत नाही.