फरशीखालची हीटिंग केबल: आपल्या धाराशिवमध्ये बसवावी का, आणि बसवायचीच तर टाइल लावण्याआधी काय तपासावं?

नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक व्हिडिओ हमखास येतो. कॅनडा किंवा जर्मनीतलं घर, खिडकीबाहेर बर्फ आणि आत आपली ताई-दादा मंडळी अनवाणी फिरतायत. "फरशीच गरम असते आमची!" मग इकडे ज्यांच्या घराचं काम चालू आहे ते लगेच विचारतात, आपल्याकडे हे होईल का? आईचे गुडघे थंडीत फार दुखतात हो.

प्रश्न अगदी रास्त आहे. पण टाइल एकदा बसली की खालची केबल दिसत नाही, काढता येत नाही आणि बिघडली तर फरशी फोडावी लागते. इथे 'अनडू'चं बटण नाही. म्हणून घराचं काम फरशीपर्यंत आलं असेल तर हा लेख आधी वाचा, मिस्त्रींना नंतर बोलवा.

मुळात फरशी गार का लागते?

जानेवारीत पहाटे खोलीचं तापमान समजा १८ अंश आहे. मग खोलीतली सतरंजीही १८ अंशांवर आणि शहाबादी फरशीही १८ अंशांवरच असते. पण पाय ठेवला की फरशी गार लागते आणि सतरंजी लागत नाही. कारण दगड, व्हिट्रिफाइड टाइल, ग्रॅनाइट हे पायातली उष्णता भराभर ओढून घेतात. सतरंजीच्या धाग्यांत हवा अडकलेली असते, ती उष्णता सहज जाऊ देत नाही. आपल्या पायाला तापमान कळत नाही, उष्णता किती वेगाने जातेय ते कळतं.

म्हणजे गुडघेदुखीवरचा पहिला उपाय थोड्याच पैशांत मिळतो: पलंगाशेजारी जाड सतरंजी, पायात मोजे. चेष्टा नाही करत. केबलचा खर्च काढण्याआधी हे एक थंडी करून बघा.

फरशीखालून ऊब देण्याची कल्पना काही आजची नाही. कोरियात 'ओंडोल' पद्धतीत चुलीचा धूर फरशीखालच्या पोकळीतून फिरवायचे. काश्मीरमध्ये मशिदींत आणि जुन्या घरांत 'हमाम' असतो: दगडी फरशी आणि तिच्याखाली लाकडाचा जाळ. विजेच्या पद्धतीत जाळाची जागा केबल घेते, एवढाच फरक.

वीज किती लागेल? हिशोब करू

या केबल बहुतेक वेळा जाळीवर चिकटवलेल्या मॅटच्या रूपात येतात. एका चौरस मीटरला साधारण १५० वॅट. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. पण कपाट, दिवाण अशा जमिनीला टेकलेल्या सामानाखाली केबल टाकायचीच नसते. तिथली उष्णता वर निघत नाही, साठत जाते आणि केबल जळू शकते. तेवढी जागा वगळून ७ चौरस मीटर धरू.

७ गुणिले १५० म्हणजे १०५० वॅट. २३० व्होल्टवर करंट साधारण ४.६ अँपिअर. सलग ६ तास चालवली तर सव्वासहा युनिट. थर्मोस्टॅट मध्येमध्ये बंद करेल, म्हणून निम्मे धरा, तरी रोजचे तीन युनिट. महिन्याला नव्वद. ऐकायला कमी वाटतं, पण महावितरणचं घरगुती बिल स्लॅबवर चालतं. हे नव्वद युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या *वर* बसतात, म्हणजे वरच्या स्लॅबचा दर लागू शकतो. मागच्या डिसेंबरचं बिल काढून बघा.

अजून एक गोष्ट परदेशातल्या व्हिडिओत दिसत नाही, ती म्हणजे व्होल्टेज. केबलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं तर करंट थोडा कमी होईल एवढंच नाही, उष्णता थेट ६१ टक्क्यांवर येते. फरशी तापायला मग किती वेळ लागेल, कल्पना करा.

आपल्या मिस्त्रींची पद्धत आणि केबलची पद्धत

आपल्याकडे टाइल बसवतात कशी? मुरमाची भर, त्यावर पीसीसी, मग दीड-दोन इंच मालाचा बेड, वर सिमेंटची रबडी आणि टाइल ठेवून रबरी हातोड्याने ठोकायची. साध्या फरशीला ही पद्धत ठीक आहे. पण केबल या बेडच्या खाली गेली की गणित बदलतं.

७ चौरस मीटरवर दोन इंचांचा बेड म्हणजे साधारण ७०० किलो माल. तो ८ अंशांनी तापवायला जवळजवळ दीड युनिट वीज, म्हणजे आपल्या १०५० वॅटच्या मॅटला सव्वा तासाहून जास्त. तेही एक कणही उष्णता खाली गेली नाही असं धरून! केबल पातळ ॲढेसिव्हमध्ये टाइलच्या लगेच खाली असेल तर तापवायचं वजन निम्म्याहून कमी होतं आणि अर्ध्या तासात पायाला फरक कळतो.

खाली जाणारी उष्णता हा तर मोठाच खर्च. तळमजल्यावर पीसीसीच्या खाली जमीन आहे, ती पोटभर उष्णता पिते. म्हणून केबलखाली इन्सुलेशन बोर्ड हवा, फरशीसाठी मिळणारा कडक एक्सपीएसचा. पॅकिंगमधला पांढरा थर्माकोल नको, तो दबतो आणि वरची टाइल तडकते. बोर्डची जाडी धरूनच दाराची चौकट आणि बाथरूमचा उतार ठरवावा लागतो, म्हणून हे लेव्हलची दोरी लावण्याआधीच मिस्त्रींशी बोलून घ्या.

केबलवर टाइल लावताना ॲढेसिव्ह लवचिक असावं, कारण फरशी रोज तापणार आणि निवणार. पाकिटावर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक बघा आणि 'फ्लोअर हीटिंगसाठी चालेल' असं लिहिलेलं आहे का तेही. टाइलखाली पोकळी राहता कामा नये. ठोकल्यावर बद्द आवाज येणारी टाइल साध्या फरशीत आपण खपवून घेतो. इथे त्या पोकळीत अडकलेल्या हवेमुळे केबल तेवढ्याच जागी जास्त तापते.

सगळ्यात महत्त्वाचं: अर्थिंग आणि आरसीसीबी

आता जिवाचा विषय. बाथरूममध्ये ओल्या फरशीवर अनवाणी माणूस आणि खाली २३० व्होल्टची केबल. इथे एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १० अँपिअरची एमसीबी १० अँपिअरपर्यंत हूं की चूं करत नाही. ०.१ अँपिअरची गळती माणूस मारू शकते आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे ती बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की लाइन तोडते. आपल्या भागात कितीतरी घरांच्या डीबीत ती नसतेच. आधी ती बसवा. खरं सांगायचं तर केबल नाही बसवली तरी ती बसवा.

चांगल्या केबलला बाहेरून धातूचं वेष्टन असतं आणि ते हिरव्या-पिवळ्या वायरने अर्थिंगला जोडायचं असतं. केबलला खिळा लागला तर करंट त्या वेष्टनातून अर्थिंगकडे जातो आणि माणसाचा पाय पडण्याआधीच आरसीसीबी ट्रिप होते. पण हिरवी वायर मोकळी सोडली किंवा अर्थिंगच नावापुरतं असेल तर ही साखळी तुटते. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी ठक्क होते आणि अर्थिंगच्या खड्ड्यात कोण पाणी घालतं? इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, अंदाजावर नको.

टाइलआधीच्या तपासण्या

केबलच्या लेबलवर ओहममध्ये रेझिस्टन्स लिहिलेला असतो. आपल्या १०५० वॅटच्या मॅटचा तो साधारण ५० ओहम येईल (२३० चा वर्ग भागिले १०५०). मल्टिमीटरने तो तीनदा मोजा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल लागल्यावर. दरवेळी आकडा लिहून ठेवा. लेबलपेक्षा ५ टक्के कमी किंवा १० टक्के जास्त, यापलीकडे गेला तर काम थांबवा. याशिवाय मेगरने इन्सुलेशन तपासायला हवं. आवरण खरचटलं असेल तर मल्टिमीटरला ते कळत नाही.

'चालू करून बघू' म्हणून गुंडाळलेली मॅट लाइनला जोडू नका, ती तिथेच जळेल. मॅट वळवायची तर फक्त जाळी कापा. केबल कधीच कापायची नाही, एकावर एक चढवायचीही नाही. तापमानाचा सेन्सर केबलच्या दोन फेऱ्यांच्या मधोमध, वेगळ्या पाइपमध्ये टाका. पुढे तो बिघडला तर ओढून बदलता येतो. फरशी २९ अंशांच्या वर जाऊ नये हे तोच सांभाळतो. काम चालू असताना मॅटवर पुठ्ठे अंथरा आणि मिस्त्रींना धारदार लोखंडी थापीऐवजी प्लास्टिकची द्या.

टाइल लागली की लगेच फरशी तापवायची घाई नको. ॲढेसिव्ह कंपनी सांगेल तेवढे दिवस थांबा. जाड मालात असेल तर २८ दिवस धरा.

मग बसवायची का?

माझं मत: अख्ख्या घरात नको. आपली थंडी दीड-दोन महिन्यांची, तीही रात्री-पहाटेची. मे महिन्यात मात्र पारा चाळिशी ओलांडतो. आपली जुनी माळवदाची घरं जाड मातीमुळे उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार राहायची. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा, लोहारा भागात तीच जड माती आणि दगडाच्या भिंती माणसांवर कोसळल्या. त्यानंतर आलेली आरसीसी आणि पत्र्याची घरं हलकी आहेत, पण तापतात फार. दोन पैसे शिल्लक असतील तर ते आधी छतावर घाला.

म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाशेजारी किंवा बाथरूमच्या कोरड्या भागात दोन चौरस मीटरची पट्टी मात्र समजण्यासारखी आहे. ३०० वॅट, पहाटे दोन तास, रोज जास्तीत जास्त ०.६ युनिट.

आणि बसवलीच, तर ॲढेसिव्ह लावण्याआधी भिंतीपासून टेप धरून पूर्ण मॅटचे फोटो काढा. त्यांची एक छापील प्रत ओहमच्या तीन आकड्यांसकट डीबीच्या झाकणाला आतून चिकटवा. पाच वर्षांनी दाराला स्टॉपर बसवायला कोणीतरी ड्रिल घेऊन येईल, तेव्हा फोनमधले फोटो सापडत नाहीत.