कढीपत्त्यावरचा बहुरूपी

पावसाळा ओसरू लागला की थळच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत उन्हाचे कवडसे पुन्हा जमिनीपर्यंत उतरतात. विहिरीजवळच्या कढीपत्त्याभोवती एक काळे फुलपाखरू घुटमळत राहते. कोवळ्या पानाला पाय टेकते, पोट वाकवते, मोहरीएवढे पिवळसर अंडे चिकटवते आणि पुढच्या फांदीकडे जाते. त्याच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते. घटकाभराने त्याच झाडावर दुसरे येते. त्याच्या पंखाच्या मध्यभागी पांढरे आणि कडेला तांबूस डाग असतात. नशिबाने साथ दिली तर तिसरेही दिसते, काळ्या पंखांवर गडद तांबड्या ठिपक्यांचे. नवखा निरीक्षक वहीत तीन जातींची नोंद करतो आणि खूश होतो. प्रत्यक्षात ही जात एकच असते. इंग्रजीत तिला कॉमन मॉरमॉन म्हणतात. मराठीत तिला मिळालेले ‘बहुरूपी’ हे नाव अधिक नेमके आहे.

फुलपाखरे ओळखण्याच्या छंदातील पहिला धडा बहुतेकांना असा फजितीतूनच मिळतो. बहुरूप्याचा नर नेहमी एकाच रूपात असतो. मादी मात्र तीन रूपांत आढळते. एका रूपात ती नरासारखी दिसते, दुसऱ्यात ‘कॉमन रोझ’ या फुलपाखरासारखी, तर तिसऱ्यात ‘क्रिमझन रोझ’सारखी. ही दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरे पक्ष्यांना बाधणारी असतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. बहुरूप्याच्या मादीच्या अंगी असे कोणतेही विष नसते. ती केवळ सोंगावर तरून जाते. हेन्री बेट्स या निसर्गअभ्यासकाने १८६२ मध्ये अशा सोंगांचा उलगडा केला. आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच जातीच्या निरनिराळ्या माद्यांची चर्चा केली. एकाच जातीतल्या माद्या अशा वेगवेगळ्या का, या प्रश्नाचे आनुवंशिक उत्तर मिळण्यास पुढे जवळपास दीडशे वर्षे लागली. मराठी वाचकांना परिचित असलेले संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, सोंगाची ही सारी सूत्रे ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या हाती आहेत. कीटकांच्या शरीरात नर-मादी भेद घडवणे हे या जनुकाचे मूळ काम. कढीपत्त्याच्या झाडाखाली उभे राहून पाहता येणारी ही गोष्ट जगभरच्या जीवशास्त्रज्ञांच्या चर्चेचा विषय आहे.

सोंग आणि अस्सल यांतला फरक ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. पंखांकडे न पाहता धडाकडे पाहावे. धड तांबडे असेल तर ते अस्सल ‘रोझ’, काळे असेल तर बहुरूप्याची मादी. पंखांच्या नक्षीत रमलेल्या नजरेला हे सहसा सुचत नाही. कुणी तरी शेजारी उभे राहून सांगावे लागते.

अर्थात शेजारी उभे राहणारा माणूस नुसता खुणा सांगण्यापुरता नसतो. फुलपाखरू पंखांवरून ओळखता येते, पण ते एखाद्या जागी का आहे हे झाडावरून कळते. अंडी घालण्यासाठी प्रत्येक जातीची मादी ठराविकच वनस्पती निवडते. अळी तेवढीच पाने खाते. दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर, म्हणजे ज्याला सापसंद म्हणतात त्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीतले विष अंगात साठवतात. शहरातून कॅमेरा घेऊन आलेल्या हौशी माणसाला फुलपाखराचे इंग्रजी नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही ठाऊक असते. गडग्यावर चढलेली ईश्वरी मात्र त्याला दाखवूनही दिसत नाही. वाडीत जन्म गेलेल्या माणसाचे नेमके उलटे असते. औषधी वेल म्हणून ईश्वरी त्याच्या ओळखीची असते, पण तिच्यावरची काटेरी, तांबूस अळी पुढे काय होते हे त्याने कधी पाहिलेले नसते. दोघे एकत्र आले की नोंद पूर्ण होते.

थळ परिसरात अशा जोड्या शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. किनाऱ्याच्या बाजूला रुईची झुडपे आहेत, तिथे काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडली तर ती ‘प्लेन टायगर’ची, म्हणजे बिबळ्या कडव्याची. रुईच्या चिकातले विष तिच्या कामी येते. तिची नक्कल करणारी ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी जवळच घोळीच्या भाजीवर अंडी घालताना दिसू शकते. आंब्यावरच्या बांडगुळावर ‘कॉमन जेझबेल’ची अंडी पुंजक्यांनी असतात. पंखांच्या खालच्या बाजूच्या पिवळ्या-तांबड्या रंगांमुळे या फुलपाखराला ‘हळदीकुंकू’ हे नाव पडले. कण्हेरीच्या पानाखाली लटकलेला, आरशासारखा चकाकणारा कोष ‘कॉमन क्रो’चा, मराठीत हबशीचा. तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी आणि तिच्या अंगावर निळे डोळे दिसले तर दचकू नये. ती कण्हेरीवरच्या मोठ्या पतंगाची असते आणि ते डोळे खोटे असतात. नारळ-पोफळीच्या झावळ्यांवरही ‘पामफ्लाय’ नावाच्या फुलपाखराचे घर असते. टाकळ्याच्या रानात पिवळी फुलपाखरे तर इतकी असतात की कुणी मोजण्याच्या भरीस पडत नाही.

निरीक्षणाची परंपरा या किनाऱ्याला नवी नाही. थळच्या उत्तरेला, नवगावच्या पलीकडे असलेल्या किहीम येथे १९३० मध्ये डॉ. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला. एक नर एकाहून अधिक माद्यांसाठी घरटी बांधतो, ही गोष्ट त्यांनी तिथे रोज तासन्‌तास बसून टिपली. त्याच किहीमचे नाव आडनावात वागवणारे आयझॅक किहीमकर हे आज भारतातील फुलपाखरांच्या अभ्यासातले सर्वांत परिचित नाव आहे. थॉमस गे आणि जगदीशचंद्र पुनेठा यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘कॉमन बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे छोटे पुस्तक १९९२ मध्ये आले. २००८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याआधी हौशी माणसाला इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेले जाडजूड आणि दुर्मीळ ग्रंथ शोधावे लागत. फुलपाखरांची कमांडर, सार्जंट ही इंग्रजी नावे त्याच छावणीतल्या वातावरणाची आठवण देतात.

मराठी नावांचा प्रश्न मग आपोआप पुढे आला. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. राणी पाकोळी या नावाने ते ओळखले जाऊ लागले, पुढे नीलवंत हे नावही रूढ झाले. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाच्या पुढाकाराने नंतर राज्यातील २७७ जातींना मराठी नावे देण्यात आली. काही नावे जुळवलेली वाटतात हे खरे, पण रुईकर किंवा हळदीकुंकू अशी नावे एकदा ऐकली की विसरत नाहीत. रुईकर या नावात तर खाद्यवनस्पतीही आली. गावातल्या शाळकरी पोराला ‘स्ट्राइप्ड टायगर’पेक्षा रुईकर अधिक लवकर सापडणार, यात शंका नाही.

दिवसाच्या या मंडळींपेक्षा रात्रीचे पतंग संख्येने कितीतरी अधिक आहेत. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या वर, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. फुलपाखराच्या मिशांचे टोक गाठीसारखे जाड असते. पतंगाच्या मिशा पिसासारख्या किंवा दोऱ्यासारख्या असतात. बसताना फुलपाखरू सहसा पंख मिटते, पतंग पसरून किंवा छपरासारखे ठेवतो. दोन्ही नियमांना अपवाद आहेत आणि दिवसा उडणारे पतंगही आहेत. पतंग पाहण्यासाठी पांढरी चादर आणि अतिनील किरण अधिक देणारा दिवा एवढे साहित्य पुरते. अमावास्येच्या आसपासची ढगाळ, वारा नसलेली, उबदार रात्र सर्वांत चांगली. पौर्णिमेला चादर रिकामी राहण्याची शक्यता अधिक. अमेरिकेत २०१२ पासून जुलैच्या अखेरच्या पूर्ण आठवड्यात पतंगसप्ताह साजरा होतो आणि भारतातले हौशी लोकही त्यात भाग घेतात. कोकणात त्या दिवसांत चादर बाहेर टांगायची सोय नसते, हा भाग वेगळा. पडवीतल्या दिव्याखालची भिंत त्या वेळी उपयोगी पडते. याच पावसाळी रात्रींत वीतभर पंखांचा अ‍ॅटलास पतंग एखाद्या भिंतीवर येऊन बसतो आणि सकाळी सारी आळी त्याला पाहायला जमते. त्याला खाण्यासाठी तोंडच उरलेले नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो थोडेच दिवस जगतो.

शेतकऱ्याची नजर मात्र वेगळी असते आणि ती समजून घेतल्याशिवाय हा छंद गावात रुजत नाही. भातातला खोडकिडा म्हणजे पतंगाचीच अळी. नारळाच्या झावळ्या वाळवणारी काळ्या डोक्याची अळीही पतंगाचीच. खोडकिड्याचा अंदाज घेण्यासाठी भातशेतीत प्रकाश सापळा लावण्याची शिफारस केली जाते. हौशी माणसाची चादर आणि शेतकऱ्याचा सापळा यांचे तंत्र एकच आहे. रात्रीत किती पतंग आले याची रोजची तारीखवार नोंद दोघांनाही हवी असते. लिंबाच्या रोपावरची अळीही मालकाला नकोशीच असते. वाढलेल्या झाडाला ती फारसे बाधत नाही, लहान रोपाला मात्र बाधते. अशा वेळी अळी उचलून मोठ्या झाडावर नेऊन ठेवण्याची तडजोड घरोघर करता येते.

नोंद घेण्याची रीतही अशीच साधी असावी. तारीख, वेळ, जागा आणि वनस्पती या चार गोष्टींशिवाय छायाचित्राला किंमत नाही. पंखांची वरची आणि खालची अशी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, कारण लहान निळ्या फुलपाखरांच्या जाती खालच्या नक्षीवरूनच वेगळ्या करता येतात. ऋतूही लक्षात ठेवावा लागतो. तिन्हीसांजेला उडणाऱ्या ‘इव्हनिंग ब्राऊन’च्या पंखांवर पावसाळ्यात ठसठशीत डोळे असतात, कोरड्या दिवसांत ते पुसट होतात आणि तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखे दिसू लागते. वर्षभर एकाच वाडीत राहणाऱ्याला हे बदलताना दिसते. सुट्टीपुरता येणारा दोन जाती लिहून मोकळा होतो. २०२० पासून देशभरातले फुलपाखरूप्रेमी सप्टेंबर महिन्यात एकत्रित नोंदी करतात. कोकणासाठी हा काळ सोयीचा आहे. गणपतीला चाकरमानी घरी आलेले असतात, टाकळा माजलेला असतो आणि आजोबांना वेलींची नावे अजून आठवत असतात.

घाई करायला हवी ती यासाठीच. मांडव्यापासून अलिबागपर्यंतच्या पट्ट्यात अनेक वाड्या आणि भाताची खाचरे बंगल्यांच्या आवारात बदलली. गडग्याच्या जागी सिमेंटची भिंत येते, तिच्यावर ईश्वरी चढत नाही. गालिच्यासारखे गवत लावताना टाकळा, घोळ, रुई, खुळखुळा हे सारे ‘तण’ म्हणून उपटले जाते. वाळलेल्या खुळखुळ्यावर ‘ब्लू टायगर’ आणि हबशी यांचे थवे रस शोषायला जमतात. त्यातून मिळणाऱ्या द्रव्यांपासून नर मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करतात. आवारात परदेशी फुलझाडे लावली तर मधासाठी फुलपाखरे येतात आणि मालकाला आनंद होतो, पण अंडी घालायला त्यांना पान सापडत नाही. ईश्वरी गेली की ‘रोझ’ जातात. मग बहुरूप्याच्या मादीचे सोंगही निरर्थक होऊ लागते, कारण अस्सल कडू फुलपाखरू ज्या पक्ष्याने कधी चाखलेले नाही त्याला नकलेची भीती कशाला वाटेल?

कढीपत्त्यावर घातलेले अंडे काही दिवसांत फुटते. सुरुवातीची अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी असते, मोठी झाल्यावर हिरवी होते. नंतर ती एखाद्या डहाळीला धाग्याने स्वतःला बांधून कोष करते. एकाच मादीच्या पिल्लावळीतून निरनिराळ्या रूपांच्या माद्या निपजू शकतात. अळी पाहून किंवा कोष पाहून आत कोणते रूप आहे हे कुणालाच सांगता येत नाही. सकाळी कोष फाटतो, चुरगळलेले पंख बाहेर येतात. ते ताठ होईपर्यंत विहिरीच्या कठड्यावर बसून थांबायचे.