गुन्हा दाखल होईपर्यंत

बदलापूरचा विषय निघाला की बाहेरची माणसं दोनच गोष्टी काढतात : रेल रोको आणि एन्काउंटर. कात्रपमध्ये राहणाऱ्या आम्हाला तिसरी गोष्ट आधी आठवते. लेकीवर अत्याचार झाला म्हणून पोलीस ठाण्यात गेलेले आईबाप तिथे सुमारे अकरा तास ताटकळत बसले होते. सगळं प्रकरण तिथून सुरू झालं आणि माझ्या मते शेवटपर्यंत तिथेच अडकून राहिलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं समोर आलं. गुन्हा नोंदवला गेला १६ ऑगस्टला, दुसऱ्या दिवशी आरोपीला अटक झाली. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवायचाच, असा सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी खटल्यातला २०१३ चा निकाल आहे. शाळेने कळवलं नाही, ठाण्याने वेळेत नोंदवलं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत शेजारच्या उल्हासनगरमध्ये हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार होऊन सत्ताधारी पक्षाच्या आमदाराला अटक झाली होती. पोलीस ठाण्याचा धाक कुणाला आणि आधार कुणाला, हा प्रश्न या पट्ट्यात तेव्हापासूनच होता.

२० ऑगस्टला सकाळी लोक रुळांवर उतरले. कात्रप, शिरगाव, कुळगाव, पश्चिमेकडून बेलवली, मांजर्ली, सगळीकडून माणसं स्टेशनकडे चालली होती आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. कर्जतकडची वाहतूक संध्याकाळपर्यंत बंद राहिली. मंत्री गिरीश महाजन समजूत काढायला आले, पण लोक हटले नाहीत. शेवटी लाठीमार झाला, दगडफेक झाली आणि शेकडो जणांवर गुन्हे दाखल झाले. ते गुन्हे नोंदवायला अकरा तास लागले नाहीत.

त्या दिवशीची मुख्य घोषणा होती, ‘फाशी द्या’. त्या संतापाला मी नावं ठेवणार नाही, कारण तो खरा होता. पण फाशी मागणाऱ्यालाही आधी खटला लागतो. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी स्वतःहून दखल घेतली, पोलिसांना आणि शाळेला विलंबाचा जाब विचारला, तेव्हा खटल्याचा रस्ता उघडल्यासारखा वाटला होता.

महिनाभरात तो बंद झाला. २३ सप्टेंबरच्या संध्याकाळी तळोजा कारागृहातून आरोपीला दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून मेला. पोलिसांचं म्हणणं असं की त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक अधिकारी जखमी झाला, मग स्वसंरक्षणासाठी त्याच्यावर गोळी झाडावी लागली. बदलापुरात पेढे वाटले गेले, मुंबईत गृहमंत्र्यांच्या हातात बंदूक दाखवणारे ‘बदला पुरा’चे फलक लागले. दोनच दिवसांनी उच्च न्यायालयाने विचारलेले प्रश्न अगदी साधे होते. गाडीत इतके पोलीस असताना एक माणूस आवरला का नाही? पिस्तूल लॉक नव्हतं का? स्लाइड मागे ओढायला ताकद आणि सराव लागतो, तो याला कुठून आला? गोळी पायावर नाही, थेट डोक्यात कशी?

चकमकीच्या त्या तारखेत एक गोष्ट दडली आहे. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात चकमकींसाठी सोळा सूचना घालून दिल्या होत्या. विषय मुंबई पोलिसांचाच होता : १९९५ ते १९९७ मधल्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू. प्रत्येक चकमकीनंतर एफआयआर, स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी. हे नियम आपल्याच राज्यातल्या मृतदेहांवरून तयार झालेले आहेत. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे मुंब्र्याच्या सहा महिने आधी, न्या. मोहिते डेरे यांच्याच खंडपीठाने २००६ च्या लखनभैया बनावट चकमकीत माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना जन्मठेप सुनावली होती. हैदराबादच्या २०१९ च्या चकमकीवरही अशीच फुलं उधळली गेली होती. तिथे न्या. वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की गोळ्या जिवे मारण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या होत्या.

इथे आरोपीच्या आईवडिलांना मृतदेह पुरायचा होता, म्हणजे पुढे गरज पडली तर पुन्हा तपासता यावा. बदलापूर, अंबरनाथ, कुठेही जागा मिळेना. न्यायालयाने सरकारला जागा शोधायला सांगितली. २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत खणलेला खड्डा तिथल्या लोकांनी बुजवला, तो पोलिसांनी पुन्हा खणून घेतला आणि बंदोबस्तात दफन झालं.

जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयात उघडला गेला. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नाहीत, बळाचा वापर समर्थनीय नाही, पाच पोलीस मृत्यूला जबाबदार, असं त्यात होतं. यानंतर गुन्हा नोंदवायला किती वेळ लागावा? सरकार अपमृत्यूच्या नोंदीवर, एडीआरवर, अडून बसलं. फेब्रुवारीत थकलेल्या आईवडिलांनी न्यायालयाला सांगितलं की आम्हाला हे पुढे न्यायचं नाही. न्यायालयाने मात्र प्रकरण सोडलं नाही. ७ एप्रिलला न्या. मोहिते डेरे आणि न्या. नीला गोखले यांनी सहपोलीस आयुक्त लखमी गौतम यांच्या देखरेखीखाली विशेष पथक नेमून गुन्हा नोंदवायला सांगितलं. महिनाअखेरीस तोच आदेश पाळावा म्हणून अवमानाचा इशारा द्यावा लागला. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे महिन्यात पथक नेमण्याचं काम पोलीस महासंचालकांकडे आलं.

ऑगस्टमध्ये ठाण्यात ताटकळलेले आईबाप आणि कोर्टात ताटकळलेले आईबाप यांना मी एका बाजूला ठेवतो. हे लिहिणं इथे राहून सोपं नाही. एका घरातल्या लेकीवर अत्याचार झाला, दुसऱ्या घरातला मुलगा त्याच गुन्ह्याचा आरोपी होता, हे मी विसरलेलो नाही. पण दोघांनी सरकारकडे मागितलं ते एकच, नोंद करा. पहिल्यांदा ती टळली कारण शाळा चालवणारी संस्था वजनदार होती, असं गावात उघड बोललं गेलं. दुसऱ्यांदा टळली कारण वर्दी सरकारची होती. जे ठाणं वर्दीविरुद्ध एफआयआर घ्यायला कचरतं, ते संस्थाचालकाविरुद्धही कचरणारच.

आणि गोळीने त्या मुलींचं काय भलं झालं? आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. तो दोषी होता, हे आता कोणतंही न्यायालय निकालपत्रात लिहिणार नाही. ज्याच्यावरच्या खटल्यातून शाळेत कुणाला काय माहीत होतं, कुणी काय दडवलं हे बाहेर आलं असतं, तोच माणूस उरला नाही. माहिती दडवल्याचा आरोप असलेल्या संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये अटक झाली आणि ते जामिनावर सुटले. जानेवारी २०२६ मध्ये त्यांच्यातल्या एकाला कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत स्वीकृत नगरसेवक केलं गेलं. गावात आणि राज्यभर ओरड झाली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.