स्थलांतर आणि राहणीमान खर्चाची तुलना : वर्धा, नागपूर व पुणे यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
एका शहरातून दुसऱ्या शहरात नोकरीनिमित्त जाताना वेतनाची तुलना सहज होते. खर्चाची तुलना मात्र बहुधा अंदाजावर सोडली जाते. प्रस्तुत लेखात ही तुलना शास्त्रीय पद्धतीने कशी करावी, याचे विवेचन केले आहे.

निर्देशांकाची मर्यादा :
कामगार ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१६ हे आधारवर्ष धरून नागपूर, पुणे अशा निवडक केंद्रांसाठी काढला जातो. वर्धा हे त्यातील केंद्र नाही. शिवाय प्रत्येक केंद्राचा आधारवर्षातील निर्देशांक १०० मानलेला असतो. त्यामुळे तो त्या केंद्रातील कालानुरूप भाववाढ दर्शवितो, दोन शहरांमधील महागाईचा फरक नव्हे. नागपूरचा निर्देशांक पुण्यापेक्षा अधिक असला, तरी नागपूर महाग ठरत नाही.

वेतनातील भरपाई :
महागाई भत्ता अखिल भारतीय निर्देशांकावर आधारित असल्याने तो सर्वत्र एकाच दराने मिळतो. शहरानुसार बदलतो तो प्रामुख्याने घरभाडे भत्ता. केंद्राच्या वर्गीकरणात पुणे 'एक्स', नागपूर 'वाय' आणि वर्धा 'झेड' गटात मोडते. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर, जानेवारी २०२४ पासून, हे दर मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० व १० टक्के झाले. वर्ध्यातील केंद्रीय विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपये असल्यास भत्ता ५,७७० रुपये येतो. पुण्यातील केंद्रीय संस्थेत तो १७,३१० रुपये होईल. म्हणजेच वाढ ११,५४० रुपयांची. समजा, घरभाडे ७,००० वरून २०,००० रुपये झाले, तर वाढीव भाडे १३,००० रुपये होईल व दरमहा १,४६० रुपयांची तूट एकट्या भाड्यातच येईल.

तुलनेची पद्धती :
१. कुटुंबाच्या मासिक उपभोगाची परिमाणे (धान्य, दूध, वीज, प्रवास, शिक्षण) निश्चित करून दोन्ही शहरांच्या दरांनी त्यांचे मूल्य काढावे.
२. नव्या शहरातील संभाव्य उपभोगही दोन्ही दरांनी मोजावा. पहिली पद्धत खर्चातील वाढ काहीशी अधिक दाखविते, कारण महाग वस्तूंऐवजी कुटुंब पर्याय शोधते. दुसरी ती कमी दाखविते. दोहोंचा मध्य ग्राह्य मानावा.
३. सामानाची वाहतूक, अनामत रक्कम, शाळाप्रवेश हे एकवेळचे खर्च स्वतंत्र दाखवावेत.
४. स्वतःचे घर सोडून जाणाऱ्याने त्या घराच्या संभाव्य भाड्याचीही नोंद घ्यावी.

नागपूरला जाणाऱ्यांपुढे रेल्वेने रोज ये-जा करण्याचा तिसरा पर्यायही असतो. तेथे भाड्यातील बचतीसमोर पासाचा खर्च आणि प्रवासात जाणारे तास मांडावे लागतात.

निष्कर्ष :
वेतनातील वाढ ही वास्तव उत्पन्नातील वाढ असेलच असे नाही. बदलीचा वा नव्या नियुक्तीचा निर्णय घेण्यापूर्वी कुटुंबाने स्वतःच्या उपभोगाचा ताळेबंद मांडणे अगत्याचे आहे. कारण शासकीय भत्ता शहराचा गट पाहतो, कुटुंबाची गरज नव्हे.