प्रोसेसर वेगवान, मग संगणक मंद का?

शाळेतील संगणक सुरू केला, तीन-चार आज्ञावली उघडल्या, आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले, असा अनुभव तुम्हाला आला असेल. अशा वेळी ‘याचा प्रोसेसर जुना झाला, आता नवा संगणक घ्या’ असा निकाल चटकन दिला जातो. पण विद्यार्थी मित्रांनो, हा निकाल नेहमीच बरोबर असतो का? प्रोसेसर म्हणजे संगणकातील प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग. जुन्या यंत्राचा पट्टा सैल पडतो, तसे त्याचे होत नाही. मग वेळ जातो कोठे?

पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. जाते कितीही वेगाने फिरो, त्यात धान्य पडले तरच पीठ मिळणार. डबे ओळीने लावणे, कोणाचे दळण आधी घ्यायचे ते ठरवणे, हे गिरणीवाल्याचे काम. संगणकात हे काम ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ करते. विंडोज आणि लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे. प्रोसेसरच्या मूळ क्षमतेत ती भर घालू शकत नाही. पण त्या क्षमतेपैकी किती कारणी लागेल, हे पुष्कळसे तिच्यावर अवलंबून असते.

थोडे गणित करू. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये सेकंदाला ३०० कोटी ठोके पडतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून माहितीचा एक तुकडा आणण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ३ कोटी ठोके होऊन जातात. एक ठोका म्हणजे एक सेकंद मानला, तर ही वाट पाहणे सुमारे ३४७ दिवसांचे होईल!

इतका वेळ प्रोसेसरला रिकामे का ठेवायचे? हा प्रश्न फार पूर्वीच पुढे आला होता. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली ‘अ‍ॅटलास’ हा त्या काळचा अतिशय वेगवान संगणक सुरू झाला. त्यातील ‘सुपरवायझर’ नावाची आज्ञावली, एक काम छपाईसाठी किंवा माहिती येण्यासाठी अडले, की प्रोसेसर दुसऱ्या कामाला लावी. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिमही हेच करतात.

मात्र काम बदलणे फुकट होत नाही. पहिल्या कामाची स्थिती जपून ठेवावी लागते आणि दुसऱ्याची मांडावी लागते. समजा, एका बदलास ०.०१ मिलिसेकंद लागतो. प्रत्येक कामाची पाळी १० मिलिसेकंदांची असेल, तर जेमतेम हजारावा भाग वाया जाईल. पण पाळीही ०.०१ मिलिसेकंदाचीच ठेवली, तर निम्मा वेळ बदलाबदलीतच जाईल!

याहून मोठी अडचण स्मृतीची, म्हणजे रॅमची. गिरणीच्या ओट्यावर जागा पुरत नाही, म्हणून डबे घरी पाठवायचे आणि पाळी येताच पुन्हा मागवायचे, अशी कल्पना करा. रॅम अपुरी पडली, की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातील काही भाग डिस्कवर हलवते आणि लागेल तसा परत आणते. हे प्रमाण वाढले, की सारा वेळ ने-आणीतच जातो. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली तिची कारणे व उपाय सांगितले. प्रत्येक कामाला त्या घडीला लागणारा माहितीचा संच रॅममध्ये मावत असेल, तरच ते काम चालू ठेवावे, हा त्याचा मुख्य विचार होता. गंमत म्हणजे थ्रॅशिंगच्या वेळी प्रोसेसर बहुतेक वेळ नुसताच बसून असतो!

आता एक प्रयोग करा. संगणक मंद वाटेल तेव्हा विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ उघडा आणि प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांचे आकडे वहीत टिपा. प्रोसेसरचा आकडा सतत १०० टक्क्यांजवळ राहिला, तर त्याच्यावर खरोखरच कामाचा भार आहे. परंतु तो कमी असून स्मृती भरलेली आणि डिस्क सतत गुंतलेली दिसली, तर दोष प्रोसेसरचा नव्हे. नको असलेल्या आज्ञावली बंद करून पाहा. तरीही न भागल्यास रॅम वाढवता येते का, ते शिक्षकांना विचारा. शाळेचा जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी ही टिपणे त्यांना जरूर दाखवा.